इंदूरच्या गॅलरीत दवबिंदू: पाणी, माती आणि माळव्याचे बारा महिने

दवबिंदू या किडे खाणाऱ्या झाडाचं पूर्ण वाढलेलं रोप दोन-तीन सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढं. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा बर्मानी. पानं देठाशी निमुळती, टोकाला रुंद, मातीला चिकटून गोलाकार पसरलेली. पानावर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. चिलट त्यावर बसलं की सुटत नाही. कडेचे लांब केस तर काही सेकंदांतच आत वळतात आणि किड्याला पानाच्या मध्याकडे ढकलतात. दवबिंदूंच्या घराण्यात इतकी चपळाई फार थोड्या जातींकडे आहे.

कोकणातल्या सड्यांवर आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात, ओल्या निकस मातीत हे आपोआप उगवतं. तिथून उपटून आणायचा विचारही मनात आणू नका. कास २०१२पासून जागतिक वारशात आहे हे एक, आणि उपटलेलं रोप प्रवासातच मान टाकतं हे दुसरं. बियांपासून वाढवलेली रोपं आणि बियांच्या पुड्या हौशी लोकांकडे आणि मांसाहारी झाडं विकणाऱ्या रोपवाटिकांकडे मिळतात. निळ्या-जांभळ्या पानांचे फोटो लावलेल्या पुड्या मात्र घेऊ नका. तशी दवबिंदूची जात अस्तित्वातच नाही, त्या पुडीतून भलतंच काहीतरी उगवतं.

हे रोप इंदुरात टिकत नाही असं बरेच जण म्हणतात. दोष उन्हाळ्याला दिला जातो, कोरड्या हवेला दिला जातो, पण बहुतेक रोपं मरतात ती पाण्यामुळे. म्हणून आधी पाण्याची सोय करा, मग रोप मागवा.

पाणी

निकस जागी राहायची सवय असल्यामुळे या झाडाच्या मुळांना क्षार झेपत नाहीत. आपल्या नळाला येणारी नर्मदा जलूदहून उपसून आणलेली. प्यायला उत्तम, पण टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) तिचा आकडा शंभराच्या वर जातोच. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याहून कितीतरी जास्त. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच कुंडीतही धरतो. दवबिंदूला ५० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ५० मिलीग्रॅम क्षारांच्या) खालचं पाणी लागतं. २०च्या खाली असेल तर डोळे मिटून घाला.

‘एखाद्या वेळी नळाचं घातलं तर काय होतंय’ हा प्रश्न हमखास येतो. एखाद्या वेळी काही होत नाही. पण हिशेब करून बघा. चार कुंड्या एका ट्रेमधल्या पाण्यात उभ्या असतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. २०० पीपीएमचं पाणी रोज ३०० मिली घातलं, तर दिवसाला ६० मिलीग्रॅम क्षार. तीन महिन्यांत ते साडेपाच ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ चार चिमुकल्या कुंड्यांत. रोप आधी थेंब धरायचं सोडतं, मग मधली नवी पानं बारीक आणि वाकडी येतात, मग काळी पडतात. हे इतकं सावकाश होतं की कोणाचा पाण्यावर संशयच जात नाही.

टीडीएस मीटर घ्या. खिशात मावेल एवढा असतो, आरओ दुरुस्त करणाऱ्यांकडेही मिळतो. त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं, आणि इंदुरात तीन महिने ते फुकट पडतं. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या, त्यात वर्षभराची धूळ असते. सिमेंटच्या गच्चीवरून पन्हळीने आलेलं पाणी टाळा, कारण सिमेंटमधून चुना सुटतो. गच्चीत एक मीटर बाय एक मीटरची स्वच्छ प्लास्टिकची शीट चार कोपऱ्यांना बांधून मधोमध भोक पाडा आणि खाली पिंप ठेवा. १० मिलिमीटर पाऊस झाला की १० लिटर जमतात. जुलैच्या एका चांगल्या झडीत अर्ध पिंप भरतं. पिंपाच्या तोंडाला मलमल बांधून वर झाकण लावा, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच घरी. उजेड लागला की पाण्याला शेवाळं धरतं, तेव्हा पिंप गडद रंगाचं आणि सावलीत. चार कुंड्यांच्या एका ट्रेला ऑक्टोबर ते जून मिळून सत्तर-ऐंशी लिटर धरून चला. त्यातलं निम्मं एप्रिल-मेमध्येच उडतं.

पाऊस साठवायचा राहिला असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालतं. कॅन उघडल्यावर मीटर लावून बघा, आणि दुकानदाराने बॅटरीचं अ‍ॅसिड तर दिलं नाही ना, एवढं लेबल वाचून घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. फक्त सर्व्हिसिंगनंतर पहिले दोन दिवस ते धरू नका, कॉइल धुतलेलं रसायन त्यात उतरतं. घरच्या आरओच्या पाण्यावर आंधळा विश्वास नको. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते, त्यामुळे आकडा ६०-७०पासून दीडशेपर्यंत कुठेही असू शकतो. उकळून गार केलेलं पाणी, माठातलं पाणी, फिल्टरच्या कँडलचं पाणी: तिन्ही बाद.

माती आणि कुंडी

बागेची माती, काळी माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको. चिमूटभर खतानेही मुळं जळतात.

मिश्रण अगदी साधं आहे: एक भाग पीट मॉस, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, फुगवलेले खडे). मापाला कोणताही वाडगा घ्या. नर्सरीत ‘पीट’ मागितलं की कोकोपीट हातात ठेवतात, आणि इथे नेमकी फसगत होते. पीट मॉस गडद तपकिरी, भुरभुरीत आणि आम्लधर्मी असतं. पिशवीवर ‘स्फॅग्नम पीट’ लिहिलेलं असतं. खत मिसळलेलं नसावं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात मीठ असतं आणि काही विटांमध्ये कॅल्शियम नायट्रेटही घातलेलं असतं. पीट मॉस नाहीच मिळालं, तर कोकोपीट पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, पिळायचं आणि पिळलेल्या पाण्याचा आकडा ५०च्या खाली येईपर्यंत हेच परत परत करायचं. त्यात पाणी इतकं जातं की पीट मॉसच स्वस्त पडतं. ऑर्किडवाल्यांकडे मिळणारं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस नुसतं वापरलं तरी चालतं. बी पेरायला मात्र ते सोयीचं नाही, धाग्यांच्या फटीत बी हरवतं.

परलाइटऐवजी सिलिका सँड चालेल, पाण्याच्या मोठ्या फिल्टरमध्ये भरतात ती. बांधकामाची नर्मदेची रेती वापरायचा मोह होतो. आधी तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे, वापरू नका. बुडबुडे नाही आले तरी सात-आठ पाण्यांनी धुवा, आणि शेवटचं पाणी पावसाचं घ्या. परलाइट भिजवल्याशिवाय हाताळू नका, त्याची धूळ नाकात जाते.

कोरडं पीट पाणी धरत नाही, वरच तरंगत राहतं. कोमट पाणी थोडं थोडं घालत हाताने मळा. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब गळाले की झालं. चार इंची प्लास्टिकची कुंडी घ्या, खाली भोकं असलेली. मातीची कुंडी नको, तिच्यातून क्षार झिरपतात आणि बाहेरच्या बाजूने पाणीही उडतं. रंग पांढरा किंवा फिका असला तर उत्तम, कारण मेच्या उन्हात काळ्या कुंडीची मुळं शिजतात. मिश्रण कडेपासून एक सेंटीमीटर खाली ठेवून भरा आणि हलकेच थोपटा, दाबून बसवू नका.

रोप आलं की

कुरियरने आलेलं रोप ओल्या मॉसमध्ये गुंडाळलेलं, बिनथेंबांचं, जरा केविलवाणं दिसतं. घाबरू नका. मुळं काळी दिसली म्हणून ती कुजली असं समजून तोडूही नका, दवबिंदूची निरोगी मुळं काळीच असतात. कुंडीत पेन्सिलीने भोक पाडा, मुळं सरळ खाली सोडा, चमच्याच्या टोकाने बाजूचं मिश्रण सरकवा. पानांचं चक्र मातीच्या पातळीवर राहिलं पाहिजे, मधला कोंब झाकला गेला तर सडतो. पहिले तीन दिवस उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या जागी, वर पारदर्शक डबा पालथा घालून ठेवा. मग डबा रोज थोडा जास्त वेळ उचलत जा, आठ-दहा दिवसांत पूर्ण काढा. नंतर सकाळचं ऊन एका तासापासून सुरू करून वाढवा. नवीन पानांवर थेंब धरले की रोप रुळलं. जुन्या पानांवर ते परत आले नाहीत तरी बिघडत नाही.

एप्रिल-मेमध्ये रोप मागवू नका. बंद खोक्यात दोन दिवस तापलेलं रोप कोणाच्याच हातून वाचत नाही.

रोजचं काम फार नाही. ट्रेमध्ये एक ते दोन सेंटीमीटर पाणी असू द्यायचं, संपायच्या आत परत भरायचं, आणि ते नेहमी ट्रेमध्येच घालायचं. वरून घातलं तर थेंब धुपतात. ऊन रोज चार-पाच तास, सकाळचं, पूर्वेच्या गॅलरीत. पूर्वेची गॅलरी नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपापासून वीस-पंचवीस सेंटीमीटरवर टांगा आणि बारा ते चौदा तास चालू ठेवा. ऊन पुरतंय की नाही हे रोपच सांगतं: पुरेसं असेल तर केस लालभडक आणि थेंब टपोरे, कमी असेल तर पानं हिरवी, लांबट, वर उचललेली आणि कोरडी.

माळव्याचे बारा महिने

जुलै ते सप्टेंबर हवा दमट, तापमान पंचवीस-तीसच्या घरात, म्हणजे सड्यावरच्यासारखंच. पेरणीला हाच मोसम. त्रास एवढाच की थेट पावसात ठेवलं तर थेंब धुऊन जातात आणि पानांवर पीट उडतं. पत्र्याखाली किंवा गॅलरीच्या आतल्या बाजूला ठेवा. भिजलंच तर दोन दिवसांत थेंब परत येतात, पानं पुसत बसू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात देखणे महिने. ऊन खणखणीत, रात्र गार, रंग चढतो. या दिवसांत घराघरांत दिवाळीची रंगरंगोटी निघते. पुट्टी घासल्याची धूळ आणि चुना चिकट पानांवर बसला तर निघत नाही, आणि पाण्यात उतरला तर तेच जुनं कॅल्शियमचं दुखणं. काम चालू असेपर्यंत रोपं शेजाऱ्याकडे पाठवा.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. ही जात उष्ण प्रदेशातली, तिला तो गारठा मानवत नाही. रात्री आत घ्या आणि ट्रेमधलं पाणी अर्धा सेंटीमीटरवर आणा. वाढ मंदावते. याच काळात बरीच रोपं बी देऊन संपतात, त्याबद्दल पुढे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी पेरणी करता येते. रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी गेर (रंगाची मिरवणूक) निघायच्या आधी कुंड्या आत न्याव्यात. उडालेला गुलाल या पानांवरून कोणीही काढू शकत नाही.

एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत खरी परीक्षा. पारा चाळीसच्या वर, हवेत ओल नाही. शब-ए-मालवा म्हणून जिचं कौतुक होतं ती गार रात्र एप्रिलभर रोपाला सांभाळून घेते, मेमध्ये तिचाही भरवसा नसतो. अकरानंतरचं ऊन बंद करा, ५० टक्क्यांची हिरवी नेट लावा, ट्रेमध्ये पाणी तीन सेंटीमीटरपर्यंत वाढवा. कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओलं मॉस भरलं की मुळं गार राहतात. खोलीत कूलर असेल तर रोप त्या खोलीच्या खिडकीत खुशाल ठेवा, हवा दमट मिळते. पण झोतापासून चार-पाच फूट बाजूला. पॅडवरून उडणारे तुषार बोरिंगच्याच पाण्याचे असतात. या दोन महिन्यांत थेंब कमी झाले तर समजून घ्या. मधला कोंब हिरवा आहे तोवर काळजी नाही.

खायला

गॅलरीतल्या रोपाला काही भरवावं लागत नाही. ओल्या पीटवर घोंघावणारी बारीक काळी चिलटं आणि पिकलेल्या केळ्यांवरच्या माश्या ते स्वतः धरतं. एलईडीखाली, बंद खोलीत ठेवलेल्याला मात्र दोन-तीन आठवड्यांतून एकदा द्यावं. मत्स्यालयाच्या दुकानात सुकवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) मिळतात. दोन-तीन वर्म पावसाच्या पाण्याच्या एका थेंबात पाच मिनिटं भिजवा, टूथपिकच्या टोकावर खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा घ्या आणि एका पानाच्या मध्यावर ठेवा. टूथपिकने हलकेच दोन-तीनदा डिवचा. हालचाल जाणवली की केस जास्त जोमाने वळतात. कडेचे केस लगेच आत येतात, मधले मागून सावकाश झुकतात, मग पानातून पाचक रस सुटतो. आठवडाभरात पान परत उघडतं आणि किड्याचं नुसतं टरफल उरतं. एका वेळी दोन पानांपेक्षा जास्त नाही, आणि घास पानाच्या निम्म्याहून मोठा नाही. मोठा घास पचायच्या आधी बुरसतो आणि पान घेऊन जातो. थेंब नसलेल्या पानावर काही ठेवू नका.

चिकन, पनीर, दूध, उकडलेलं अंडं: लहान मुलं हे प्रयोग करतातच. केलेच तर ते पान नखाने खुडून टाका, बाकी रोप वाचतं.

बिघडलं तर

थेंब नाहीत, पण रंग आणि वाढ ठीक आहे: ऊन कमी, किंवा नुकतीच जागा बदललेली. ऊन वाढवून दोन आठवडे थांबा. थेंब नाहीत आणि नवी पानं आधीच्यापेक्षा बारीक येताहेत: पाणी. ट्रेमधल्या पाण्याला मीटर लावा, ओतलेल्या नव्हे. आकडा शंभराच्या पुढे असेल तर कुंडी उचलून कडेने सावकाश अर्धा लिटर पावसाचं पाणी घाला, खालून निथळू द्या, आणि हे तीन दिवस करा. कुंडीच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ नव्या मिश्रणात लावा.

नवी पानं मुरडलेली, मधे हिरवट ठिपके: मावा. चिकट थेंबांनी भरलेल्या रोपावरही हा येतो, कारण तो चिकट पानं टाळून कोवळ्या कोंबात बसतो. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, दोन्ही इथे नको, पानावर थर बसून केस निकामी होतात. अख्खी कुंडी पावसाच्या पाण्यात चोवीस तास बुडवून ठेवा. परलाइट तरंगू नये म्हणून वर मलमलीचा तुकडा बांधा. आठवड्याने पुन्हा एकदा बुडवा, म्हणजे मागे राहिलेली पिल्लंही जातात.

करड्या रंगाची लव: हवा कोंडलीय. बुरसलेली पानं खुडा, पंख्याचा हलका वारा लागेल अशी जागा द्या. खालची जुनी पानं काळी पडून वाळणं हे दुखणं नव्हे. नवीन येतात तशी जुनी जातात.

फूल, बी आणि पुढचं रोप

पेरल्यापासून चार-सहा महिन्यांत मधून एक सरळ दांडा वर येतो, त्यावर पांढरी इवली फुलं. सकाळच्या उन्हात एकेक फूल काही तास उघडतं. परागीभवनाला कोणी लागत नाही, फूल मिटताना आपलं आपण फळतं. बी धरल्यावर रोप बहुधा संपतं. या जातीचं आयुष्यच तेवढं, त्यात तुमची चूक नाही. दांडा कापून रोप थोडं लांबवता येतं, पण मग हातात बी राहत नाही. वर्षानुवर्षं टिकणारं रोप हवं असेल तर ड्रॉसेरा स्पॅट्युलाटा घ्या. पाणी-माती हीच, आणि तिचं एक पान देठासकट तोडून पावसाच्या पाण्यात तरंगत ठेवलं तर दीड-दोन महिन्यांत त्यावर पिल्लं फुटतात. बर्मानीत पानाचा हा उपाय भरवशाचा नाही, बीच धरा.

बोंडं तपकिरी होऊन वाळली की दांड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. काळी पूड पडते, तेच बी. कागदाची पुडी करा, वर महिना लिहा, हवाबंद डबीत घालून फ्रिजच्या दारात ठेवा.

पेरताना बी मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. कागद दुमडून त्याच्या घडीतून टिचक्या मारत सोडलं तर एका जागी ढीग पडत नाही. कुंडी पाण्याच्या ट्रेत, वर पारदर्शक पिशवी, थेट ऊन नको. दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. टाचणीच्या डोक्याएवढे झाले की भिंगातून त्यांच्यावरही थेंब दिसतात. तेव्हा पिशवीला रोज एक भोक पाडत जा आणि आठवड्याने ती काढा. रोपं एक सेंटीमीटरची झाल्यावर ओल्या टूथपिकने, मुळाभोवतीच्या पीटसकट उचलून दोन-दोन सेंटीमीटरवर लावा. सगळं बी एकदम पेरू नका. निम्मं जुलैत, निम्मं फेब्रुवारीत. म्हणजे मेच्या उन्हात एक फळी गेली तरी दुसरी हाताशी असते, आणि चिमूटभर बी फ्रिजमध्ये तसंच राहू द्या.